शिरीन व्हिलाच्या पायऱ्या

"बस ना मावशे," काळूराम हातरिक्षाच्या दांड्या धरून म्हणाला. "सीट बघ कशी पुसून ठेवलीय. तुझ्यासाठी घरची चादर आणलीय."

गोमीने रिक्षाकडे पाहिलं, मग काळूरामकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

"तुझ्या आईला म्या काखेत घेऊन फिरवलीय. आन आता तू मला वढणार? वर जाऊन काय सांगणार, म्हातारीचा बोजा आणला म्हणून?"

"मग घोडा करू?"

"घोड्यावर तू बस. पडलास की सांग, म्या उचलायला येते."

काळूराम गोमीच्या बहिणीचा मुलगा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान दुसरीकडे फिरवली. गोमीला समजावण्यात मी उभा जन्म घालवला होता आणि त्यातून हाती काय लागतं ते मला ठाऊक होतं.

आम्ही दस्तुरी नाक्यावर उभ्या होतो. माथेरानला जाणाऱ्या सगळ्या गाड्या इथे थांबतात. पुढे कोणालाच गाडी नेता येत नाही. पाय, घोडा नाहीतर माणसाने ओढायची हातरिक्षा. धडधाकट माणसाला नाक्यापासून वरची हॉटेलं काही लांब नाहीत. पण गोमीचे गुडघे केव्हाच गेले होते. घरातून परसात जायचं तरी ती भिंत धरत असे. आणि आता ती म्हणत होती की वरच्या हॉटेलापर्यंत चालतच जायचं.

सगळं घडवून आणलं होतं माझ्या नातीने, वनिताने. ती बदलापूरला दवाखान्यात नर्स झाली. एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "आजी, शिरीन व्हिलात तुझ्यासाठी खोली घेतलीय. दोन रात्री राहायचं. काही काम करायचं नाही, नुसतं बसायचं. खोली दोघींची आहे. बरोबर कोणाला न्यायचं ते तू ठरव."

ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

शिरीन व्हिला म्हणजे आमच्या वाडीच्या बोलण्यातलं बावाजीचं, म्हणजे पारशाचं, हॉटेल. इंग्रजांच्या वेळचं, कौलारू, लांबच लांब व्हरांड्याचं. आमची ठाकरांची वाडी डोंगराच्या पायथ्याला. वाडीतल्या बाया पावसाळा सोडला तर बाकीचं वर्ष त्या हॉटेलात बोजे वाहायच्या. पाहुण्यांच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, बर्फाच्या लाद्या, कोंबड्यांची खुराडी, एकदा तर आख्खा आरसा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बोजा आणि पायाखाली माथेरानची लाल माती. मी आणि गोमी जोडीने वाहायचो. दोघी एकाच साली लग्न होऊन वाडीत आलो आणि गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत दोघींनी एकमेकींची पाठ पाहिली.

हॉटेलच्या अलीकडे करवंदीची जाळी आहे. तिथे वाट फुटते. सरळ गेलं की समोर पांढऱ्या रुंद पायऱ्या, वर व्हरांडा, त्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या. ती पाहुण्यांची वाट. बोजेवाल्यांनी जाळीपाशी डावीकडे वळायचं, भिंतीकडेने मागे जायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात बोजा उतरवायचा. एवढी वर्षं त्या हॉटेलात गेले, पण त्या पायऱ्या मी फक्त तिरक्या पाहिल्या होत्या.

मी जेव्हा गोमीला येतेस का विचारलं, तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती.

"पुढनं जायचं का मागनं?" तिने विचारलं.

"पाहुण्या म्हणून चाललोय. पुढनंच जाणार."

ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "येते. पण चालत."

"गोमे, तुला भिंत सोडवत नाय."

"मग नको येऊ?"

मला वाटलं, बोजेवालीचा ताठा आहे. जिने जन्मभर दुसऱ्याचं वाहिलं ती स्वतः ओझं होऊन कशी जाईल? तेव्हा मला एवढंच वाटलं होतं.

तर आम्ही निघालो. मी पुढे, गोमी मागे, हातात काठी. काळूराम रिकामी हातरिक्षा घेऊन आमच्या मागून. अगदीच रिकामी नको म्हणून त्याने आमची कापडी पिशवी सीटवर ठेवली, चादरीवर. आम्ही दोघी चालत आणि पिशवी शेठाणीसारखी बसून येत होती.

"तिला ऊन लागतंय का बघ," गोमी मागे न वळता म्हणाली.

जुन्या वाटेवर जागोजाग छातीएवढ्या उंचीचे दगडी कट्टे आहेत. ते बोजेवाल्यांसाठीच बांधलेले. डोक्यावरचा बोजा जमिनीवर टेकवला तर एकट्या बाईला तो परत उचलता येत नाही. म्हणून कट्ट्याला पाठ लावायची, बोजा डोक्यावरून तसाच मागे सरकवायचा, दम घ्यायचा, आणि परत त्याच्याखाली डोकं घालायचं. दोन कट्ट्यांच्या मध्ये थांबायचं नाही. गोमीने तसंच चालायचं ठरवलं होतं. एका कट्ट्यापासून दुसऱ्या कट्ट्यापर्यंत.

"आज बोजा कुठाय?" मी विचारलं.

"म्याच हाय की," ती म्हणाली.

पहिल्या कट्ट्याला ती हसत टेकली. त्याच्या पुढच्या कट्ट्याला हसू गेलं होतं. त्याच्याही पुढच्या वाटेवर तिचा उजवा पाय नुसता ओढला जायला लागला आणि लाल मातीत पावलाऐवजी रेघ उमटायला लागली. मी हळू चालत होते. माझे हात शिवशिवत होते, पण मी तिला धरलं नाही.

आमच्या जोडीचा एक नियम होता. सगळ्याच जोड्यांचा असतो. दुसरीच्या बोज्याला ती 'धर' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. बोजा डोक्यावर तोलून चालणाऱ्या बाईकडे बघणाऱ्याला वाटतं तो पडणार, पण तिला माहीत असतं तो कुठे चाललाय. मधेच कोणी प्रेमाने हात लावला की तोल जातो, आणि बोजाही पडतो आणि बाईही. आणि जोडीतल्या एकीने पुढे निघून जायचं नाही. एवढेच दोन नियम. कोणी शिकवले नव्हते, पण पाळले नाहीत अशी जोडी मी पाहिली नाही.

वाटेत घोड्यावरून चाललेला टोपीवाला माणूस थांबला.

"आजी, रिक्षा रिकामीच आहे की. बसत का नाही?"

"भरलीय," गोमी म्हणाली. "पिशवी बसलीय."

तो हसत पुढे गेला. त्याचा घोडा दिसेनासा झाल्यावर गोमी कट्ट्याला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली. वरच्या ओठावर घाम जमला होता. काळूरामने रिक्षा जवळ आणून हळूच उभी केली. गोमीने डोळे उघडले, रिक्षा पाहिली, आणि काठी पुढे टाकली.

"लहानपणापासून असाच हाय हा," ती मला म्हणाली. "गुपचूप जवळ येऊन उभा ऱ्हातो. मांजरासारखा."

करवंदीच्या जाळीपाशी आलो तेव्हा दोघींच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं. मी खाली मान घालून चालत होते, गोमीच्या काठीचा आवाज ऐकत. टक, टक. मग तो आवाज फरशीवर वाजला आणि नाकाशी कांदा परतल्याचा वास आला. मी मान वर केली.

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो.

जाळीपाशी आम्ही डावीकडे वळलो होतो. मी वळले आणि गोमी माझ्यामागून वळली. की गोमी वळली आणि मी? कोणालाच कळलं नाही. पायच वळले होते. काळूराम बिचारा आमच्या मागोमाग आला होता. त्याला वाटलं आमचंच काही ठरलेलं असेल.

दारात इब्राहिमचाचा उभे होते. हॉटेलचे जुने आचारी, आता नुसती देखरेख करायचे. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अरे, हिराबाई! गोमी! इतक्या वर्षांनी? आणि बोजा कुठाय?"

मला हसावं की रडावं ते कळेना. गोमी तर दगडासारखी झाली होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. फक्त त्या दाराचा उंबरा पाहत होती. बोजे उतरवून उतरवून त्याला मध्ये खळगा पडला होता. त्यात थोडासा आमचाही वाटा असणार.

"चाचा, आज आम्ही पाहुण्या हाओत," मी म्हणाले. "वनितानं खोली घेतलीय."

"पाहुण्या?" चाचांना क्षणभर अर्थ लागला नाही. मग त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! मग या ना, आत या. अशाच सरळ या. इथून खोल्या जवळ आहेत, तुम्हाला काय माहीत नाही का?"

तेवढ्यात आतून मॅनेजर आले. नाडकर्णी नाव, तरणा माणूस, बोलायला गोड. त्यांना वनिताने फोन करून ठेवला होता.

"आजी, तुम्ही इकडून आलात होय? काही हरकत नाही. इथूनच चला. हे स्वयंपाकघर ओलांडलं की तुमची खोली. आजींना खुर्ची आणा रे."

आतून खुर्ची आली. उंबऱ्याच्या आत ठेवली. गोमीपासून दोन पावलांवर. गोमीचे गुडघे थरथरत होते, लुगड्याच्या काठावरून मला दिसत होतं. तिने फक्त पाय उचलून आत टाकायचा होता. कोणी तिला हलकं लेखत नव्हतं, कोणी मुद्दाम काही करत नव्हतं. सगळे प्रेमाने बोलवत होते. बसली असती तर मी काही म्हणाले नसते. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलंही, बस गं बाई, झालं तेवढं पुष्कळ झालं.

गोमीने काठी उचलली आणि मागे वळली.

"आजी, कुठे?" नाडकर्णी पुढे आले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

गोमीचा तोल गेला. ती भिंतीवर आदळली असती.

"हात लावू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ती सांगेल तवा लावा."

नाडकर्ण्यांनी हात काढला. "पण त्या चालल्यात कुठे?"

"पुढनं यायला," गोमी म्हणाली.

भिंतीकडेची ती वाट आम्हाला डोळे मिटून येत होती, पण तिच्यावरून रिकाम्या डोक्याने परत पुढे जायची ही पहिलीच वेळ. गोमी भिंतीला खांदा घासत चालली. मी तिच्या मागे. माझ्यामागे नाडकर्णी, चाचा, खुर्ची धरलेला वेटर आणि शेवटी पिशवीसह रिक्षा. वरात निघाल्यासारखं दिसत असणार.

पुढे आलो. पायऱ्या समोर होत्या. चुन्याच्या रंगाच्या, रुंद, सकाळीच धुतलेल्या, एकही डाग नसलेल्या. वरती पाटी होती. तोवर म्हातारपणी का होईना मला अक्षरं लागायला लागली होती. मी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं, "शि-री-न व्हि-ला."

"इतकी वर्षं येतोय," गोमी धापा टाकत म्हणाली. "नाव आज कळलं."

व्हरांड्यात चहाची वेळ होती. पाहुणे बसले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला. शेजारी एक जाडसर बाई लोकर विणत होत्या, त्यांच्या सुया थांबल्या.

गोमीने पायरीच्या तळाशी चपला काढल्या.

"राहू द्या आजी, चपला घालूनच या," नाडकर्णी म्हणाले.

"कोणाच्या घरात चपला घालून जात नाय म्या," गोमी म्हणाली.

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि जोर दिला. पाय उचललाच गेला नाही. दुसरा ठेवून पाहिला. तोही नाही. काठीवर सगळा भार टाकला तर काठी वाकली. ती तशीच उभी राहिली आणि पायऱ्यांकडे बघत राहिली. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. एक शब्द म्हणाली असती तर मी तिला उचलून नेलं असतं, माझी कंबर मोडली तरी. पण ती 'धर' म्हणाली नाही.

तिने काठी माझ्याकडे दिली. मग कमरेची गाठ सोडून काहीतरी बाहेर काढलं. चुंबळ होती. जुनी, चिंध्यांची, तिच्या डोक्याच्या आकाराची झालेली. ती कशाला आणली होती कोण जाणे. बोजेवालीची सवय असेल. गोमी वळली, पायऱ्यांकडे पाठ केली, चुंबळ पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

मग दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले, तळपाय खाली दाबले, आणि स्वतःला वर उचललं. एक पायरी. चुंबळ खालून ओढून घेतली, वर ठेवली, पुन्हा बसली. बोजा चुंबळीवर बसतो तशी. पुन्हा हात, पुन्हा पाय. आणखी एक पायरी.

"अहो, उचला ना कोणीतरी त्यांना," विणणाऱ्या बाई म्हणाल्या. "बघवत नाही."

"मला बघवतंय," गोमी खालून म्हणाली. ती तोंड दरीकडे करून चढत होती, त्यामुळे व्हरांड्यातल्या सगळ्यांना तिची पाठच दिसत होती. "तुम्ही विणा बाई. थंडी यायची हाय."

पेपरवाले गृहस्थ हसले. मग विणणाऱ्या बाईही हसल्या, आणि सगळ्यांचा जीव जरा हलका झाला. मी बाजूने एकेक पायरी चढत होते, तिच्या बरोबरीने, एकही पायरी पुढे न जाता. त्या पांढऱ्या पायऱ्यांवर तिच्या मागे काय राहत होतं ते मला दिसत होतं. प्रत्येक पायरीवर घामात कालवलेल्या लाल मातीचे दोन तळपाय आणि दोन तळहात. पाचही बोटं मोजून घ्यावीत इतके स्पष्ट.

शेवटची पायरी झाली. गोमी व्हरांड्याच्या फरशीवर बसली होती, पाय पायरीवर सोडून. श्वास भात्यासारखा चालला होता. बसल्याचं उभं राहायचं तेवढं बाकी होतं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"धर, हिरे," ती म्हणाली.

मी तिच्या काखेत हात घातले. "हां," ती म्हणाली, आणि मी "हां" म्हणाले, जसं बोजा उचलताना म्हणायचो, आणि तिसऱ्या श्वासाला गोमी उभी राहिली. व्हरांड्यात कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. पेपरवाले गृहस्थ मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली आरामखुर्ची रिकामी केली.

"त्या तिकडची," गोमी म्हणाली. टोकाच्या खुर्चीकडे तिने बोट दाखवलं.

तिला त्या खुर्चीत बसवली. शेजारच्या खुर्चीत मी बसले. काळूरामने पिशवी आणून आमच्या पायाशी ठेवली आणि वाकून गोमीच्या पाया पडला. "मावशे, जन्मात तुला परत बस म्हणणार नाय," तो म्हणाला.

"परवा येशील ना न्यायला?" गोमी म्हणाली. "परवा बसणार हाय म्या. काम झालं आता."

थोड्या वेळाने चहा आला. आम्ही समोर पाहत बसलो. आणि मला एक अशी गोष्ट दिसली की मी कप तोंडाशी नेऊन तसाच धरला. दरी दिसत होती. खाली, अगदी खाली, हिरव्यात काही तांबडे ठिपके आणि एका ठिपक्यातून वर येणारा धूर. ती आमची वाडी होती. त्या डोंगरावरून जन्मभर ये-जा केली, पण वरून आमची घरं कशी दिसतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. चढताना डोक्यावर बोजा असला की मान ताठ ठेवावी लागते, खाली पाहता येत नाही. आणि उतरताना घरी पोरं रडत असायची, तेव्हा पाहायला वेळ नसायचा.

"ती माझ्या घराची कौलं," मी म्हणाले.

"मला ठावं हाय," गोमी म्हणाली. "या खुर्चीपासनं दिसतात. म्या बघितलीत."

"तू? कधी?"

तिने बशीत चहा ओतला, फुंकला आणि प्यायली. मग बोलली.

"तुझा लक्षुमण झाला त्या साली. तू घरी व्हतीस, म्या एकटीच वाहायची. एका पाहुण्या बाईला वाटंत घेरी आली. घोडेवाला पुढं गेलेला. म्या बोजा कट्ट्यावर ठेवला आन बाईला पाठकुळी घेतली. लहानगी बाई, माझ्या गळ्याला धरून रडत व्हती. या पायऱ्या चढले तिला घेऊन. तवा कोण अडवणार? पाठीवर पाहुणी हाय ना. या खुर्चीत बसवली तिला. तवा मान मोकळी व्हती म्हणून खाली बघितलं. तुझ्या घरातनं धूर येत व्हता. म्हटलं, बाळंतिणीचं पाणी तापत असल."

"मग?"

"मग उतरले. म्या अजून वळले पण नव्हते, तवर तवाच्या बटलरनं बादली मागवली. माझे लाल पाय उठले व्हते ना पायऱ्यांवर. म्या खाली उभी, आन माझ्यासमोर एकेक पायरी धुतली. बाई बोलली, तिला पाणी द्या. तर पाणी मागल्या दारी दिलं."

"वाईट बोलला का तुला?"

"नाय गो. कायच नाय बोलला. नुसतं धुतलं."

खाली दरीत सावली चढायला लागली होती. मी म्हणाले, "एवढी वर्षं पुढं-मागं चाललो. मला का नाय सांगितलंस?"

"तुला सांगून?" गोमी म्हणाली. "तू बाळंतपणातनं उठून परत याच दारी बोजा घेऊन येणार व्हतीस. सांगितलं असतं तर तुझी मान वाकली असती. मान वाकली की बोजा पडतो."

मी तिच्या बशीत किटलीतला चहा ओतला.

त्या संध्याकाळी इब्राहिमचाचांनी स्वतःच्या हाताने आमचं जेवण केलं आणि वाढायला स्वतः आले. वाढताना म्हणाले, "गोमी, आज पायऱ्यांवर तुझे पाय पाहिले आणि आठवलं, तू त्या बाईला पाठीवर आणलीस तेव्हा मी नवीन होतो. मागल्या दारी पाणी मीच दिलं होतं तुला." गोमी म्हणाली, "ठावं हाय. गार व्हतं पाणी. चांगलं व्हतं." नळाला गरम पाणी होतं, त्यात तिने गुडघे बुडवून बसता येईल तेवढा वेळ काढला. गादीवर पडली ती उन्हं आल्यावरच उठली. जन्मात पहिल्यांदा मी तिला सूर्यानंतर उठताना पाहिली.

सकाळी आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांत बसलो. चहा आला. दोघींचे कप, मध्ये किटली. तेवढ्यात खालून बादली आणि झाडू घेऊन एक मुलगी आली. आमच्याच वाडीची रोहिणी, धोंडू आगिवल्याची सून. रोज सकाळी पायऱ्या धुणं तिचं काम. ती पायरीच्या तळाशी आली आणि थांबली. कालचे लाल पाय, लाल हात, जसेच्या तसे वाळले होते. तिने ते पाहिले, वर पाहिलं, आणि तिला आम्ही दिसलो. कोणीतरी तिला कालचं सांगितलं असणार. स्वयंपाकघरात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

"आजी," ती म्हणाली, "हे असंच राहू देऊ का? सायबांना म्या सांगते."

मला वाटलं गोमी हो म्हणेल. मी तिच्याकडे पाहिलं.

"नको गो," गोमी म्हणाली. "तुझं काम हाय ते. राहिलं तर तुला बोलतील. धू तू." मग तिने किटलीतून बशी भरून घेतली. "फक्त माझा चहा होऊ दे."

रोहिणीने बादली खाली ठेवली आणि खालच्या पायरीवर एका कडेला बसली.

गोमी चहा प्यायला लागली. कोणी अत्तर हुंगावं तशी ती चहा पीत होती. एक घोट, मग दरी. एक घोट, मग आमची कौलं. पाहुणे नाश्त्याला येऊ लागले. काही फिरून परत येत होते, त्यांना पायऱ्या चढायच्या होत्या. विणणाऱ्या बाई आल्या, थांबल्या, आणि साडी उचलून लाल पावलांच्या बाजूने, कडेकडेने वर आल्या. त्यांच्यामागून येणाऱ्यांनीही तसंच केलं. काय आहे ते माहीत नसलेलेही पाऊल चुकवून चालू लागले.

नाडकर्णी बाहेर आले. "रोहिणी, पायऱ्या राहिल्या अजून?"

"आजीचा चहा चाललाय, सर," रोहिणी उठून म्हणाली.

त्यांनी गोमीकडे पाहिलं. गोमीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, जशी घरमालकीण हलवते. ते काय समजले मला माहीत नाही. पण ते स्वतः पायऱ्यांच्या कडेने उतरले आणि बागेकडे गेले.

गोमीचा कप रिकामा झाला. रोहिणीने झाडू उचलला. गोमीने वेटरला हाक मारली.

"आणखी एक आण बाबा. आलं घालून."

दुसरा आला. तो संपला तेव्हा ती म्हणाली, हा जरा गोड झाला, बिनसाखरेचा कसा लागतो बघू. तोही आला. मग चाचांनी न मागता किटलीच भरून पाठवली. मीही माझा कप हातात धरून बसले होते, तळाशी घोटभर ठेवून. जोडीतल्या एकीने पुढे निघून जायचं नसतं.

ऊन पायऱ्यांवर उतरलं आणि ते लाल हातपाय भाजलेल्या विटेसारखे चमकायला लागले. खाली आमच्या वाडीत कोणाच्या तरी घरी दुपारच्या भाकरीचा धूर निघाला. गोमी तो पाहत राहिली. शेवटी तिने कप बशीत उपडा ठेवला, चुंबळ मांडीवर घेऊन तिची माती झटकली आणि रोहिणीला म्हणाली,

"हां. आता धू."